दुसरा नग

पावसाळ्यात ते दोन छत्र्या घेऊन बाहेर पडत. एक डोक्यावर, दुसरी काखेत. पाऊस नसला तर दोन्ही काखेत. मी त्यांचा नवा भाडेकरू होतो. पहिल्याच आठवड्यात न राहवून विचारलं, दुसरी कोणासाठी?

"पहिलीसाठी," ते म्हणाले.

सोपारा स्टेशनहून राजोडीला जायच्या वाटेवर त्यांची वाडी होती. केळी, पानवेली, थोडी फुलझाडं, एक विहीर आणि विहिरीवर दोन पंप. वाडीच्या कडेला दोन खोल्या होत्या, त्यातल्या एका खोलीत मी राहायचो. दुसरी रिकामी असे. मी गमतीनं म्हणालो, ही माझी स्पेअर का? ते हसले नाहीत. "छत गळलं तर कुठं जाल?" असं विचारून त्यांनी मला तिचीही किल्ली दिली. अर्थात दोन किल्ल्या.

घरात सगळ्याच्या जोड्या होत्या. दोन घड्याळं, दोन कंदील, मिठाच्या दोन बरण्या. आणि प्रत्येकावर लाल ऑइलपेंटनं 'अ' किंवा 'ब' लिहिलेलं. चष्मा 'अ' डोळ्यांवर, 'ब' खिशात. रविवारी चर्चमध्ये मिस्सा संपल्यावर त्यांनी एकदा फादरना गाठून विचारलं होतं, की घंटा तडकली तर काय योजना आहे. फादर म्हणाले, देव बघून घेईल. हे उत्तर त्यांनी ऐकून घेतलं, पण ते तपासून पाहिलेलं नाही, असं त्यांचं मत होतं.

आंटी, म्हणजे त्यांची बायको, कोरड्या स्वरात म्हणायच्या, "देवाच्या दयेनं बायको तेवढी एकच केली. फादरना विचारलं असणार, पण ते नाही म्हणाले असतील."

"विचारलं नव्हतं," अंकल आतून म्हणत.

गाव त्यांना सायंटिस्ट म्हणे आणि त्यांना ते आवडत नसे. मुंबईच्या एका मोठ्या संशोधन संस्थेत ते इंजिनिअर होते. "सायंटिस्टनं चूक केली तर शोध लागतो," ते सांगत. "इंजिनिअरनं केली तर चौकशी बसते." बलूनमधून किंवा उपग्रहावरून आभाळात पाठवायच्या दुर्बिणी, त्यांचे आरसे, ते आरसे धरून ठेवणाऱ्या चौकटी, हे त्यांचं काम. अशा यंत्राचे दोन नग करतात, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. पहिला वर जातो. दुसरा हुबेहूब तसाच, तेवढ्याच काळजीनं केलेला. त्यालाही पहिल्यासारखंच गदागदा हलवतात, भाजतात, गोठवतात. फक्त पाठवत नाहीत. पहिल्याला काही झालं तर असावा म्हणून तो पेटीत ठेवतात.

अंकल नोकरीभर दुसऱ्या नगाचे प्रमुख होते.

उड्डाणाच्या दिवशी सगळी मंडळी दूर तळावर जात आणि हे मुंबईत पेटीशेजारी, फोनसमोर बसत. दाराशी गाडी तयार. "फोन वाजला नाही म्हणजे आपलं काम फत्ते," ते मला सांगत. माझ्यासारख्या मराठीच्या प्राध्यापकाला हे जरा जड गेलं. आमच्याकडे न वाचलेल्या पुस्तकाला कोणी फत्ते म्हणत नाही.

"आणि वाजला असता तर बरं, असं कधी वाटलं नाही?" मी विचारलं.

ते पानवेलीची गाठ सोडवत होते. "पहिल्याचं वाईट चिंतायचं नाही. दुसऱ्या नगाचा तेवढा एकच धर्म आहे, प्रोफेसर."

मग आपणहून म्हणाले, "पण माझ्या हातचं काहीच वर गेलं नाही. सगळं चांगलं होतं. कपाटात चांगलं होतं. एकदा तरी पहिलं म्हणून मागावं कोणीतरी. मला नाही. कामाला."

हे त्यांनी एकदाच म्हटलं. नंतर मी त्यांना पुष्कळ वर्षं पाहिलं, आणि ते जे जे करत त्याच्या मागं हे वाक्य उभं आहे असं मला वाटत राहिलं.

निवृत्तीनंतर संस्थेतलं हलवायचं टेबल सुटलं. ज्यावर यंत्र बांधून रॉकेटसारखे हादरे देतात, ते टेबल. अंकलनी त्याला पर्याय शोधला: सोपारा स्टेशन ते राजोडी ही रिक्षा. घरात केलेलं काहीही, दिवा असो, दुर्बीण असो, नाही तर आंटींसाठी केलेलं नारळ खवायचं यंत्र असो, ते रिक्षाच्या मागच्या सीटवर नीट बांधून एक फेरी मारून आणल्याशिवाय पास होत नसे. एक रिक्षावाला त्यांचा ठरलेला होता.

"अंकल, आज काय फोडायचंय?" तो विचारी.

"आज जोरात घे. डावीकडचे खड्डे सोडू नकोस."

"सोडून जाऊ कुठं? सोडायला रस्ता पाहिजे ना."

त्या रस्त्याच्या नावानं सगळा गाव बोटं मोडत असे. एकदा डांबरीकरणाची बातमी आली तेव्हा नाराज झालेला माणूस मी एकच पाहिला.

पुढे मी आचोळ्यात फ्लॅट घेतला आणि स्टेशनच्या पूर्वेला राहायला गेलो, पण रविवारची वाडीवरची फेरी सुटली नाही. दोन हजार चारच्या उन्हाळ्याआधी वर्षभर गेलो की अंकल ओसरीवर काच घासताना दिसत. ओली पावडर, काचेवर काच, तीच गोल गोल चाल. त्यांना अगदी सपाट आरसा हवा होता. आणि नवल म्हणजे समोर दोन नव्हे, तीन काचा होत्या.

"तिसरी कशाला?" मी विचारलं. मला त्यांच्या तत्त्वनिष्ठेची काळजी वाटली.

"सपाटीला दोन पुरत नाहीत. दोन काचा एकमेकींवर घासत राहिलात तर एक हळूहळू पोकळ होते, दुसरी फुगते, आणि दोघी एकमेकींत इतक्या घट्ट बसतात की तुम्हाला वाटावं, वा, काय जमलंय. दोघी वाकड्या. तिसरी दोघींवर घासली की खोटं उघडं पडतं."

त्या दिवसापासून एकमेकांचं कौतुक करणारी दोन माणसं दिसली, की यातला पोकळ कोणता आणि फुगलेला कोणता, हे ओळखायची मला सवय लागली. साहित्य संमेलनांना तिचा फार उपयोग होतो.

आरसा हवा होता शुक्रासाठी. त्या जूनमध्ये शुक्र सूर्यासमोरून जाणार होता, भर दिवसा, काळ्या ठिपक्यासारखा. याला अधिक्रमण म्हणतात. हयात असलेल्या कोणीही ते पाहिलेलं नव्हतं. अंकलना त्यातली वेगळीच गोष्ट भावली होती. ही अधिक्रमणं जोडीनं येतात: एक झालं की आठ वर्षांनी दुसरं, मग शंभरावर वर्षं काही नाही.

"म्हणजे वरचासुद्धा स्पेअर ठेवतो," मी म्हणालो.

"मग?" ते म्हणाले, जणू यात शंका घेण्यासारखं काय आहे. "पण मला पहिलंच दाखवायचंय. आख्ख्या गावाला, एकदम. दुर्बिणीला डोळा लावून एकेकानं नाही."

त्यांची योजना अशी होती. दुर्बीण सूर्यामागं पळवायची नाही. तिला जमिनीवर आडवी झोपवायची आणि एका फिरत्या आरशानं सूर्यच तिच्या तोंडात आणून सोडायचा. आरसा जेवढा वळतो त्याच्या दुप्पट किरण वळतो, म्हणून आरसा सूर्याच्या निम्म्या वेगानं फिरला की पुरे. दुर्बिणीच्या दुसऱ्या टोकातून सूर्याचं चित्र अंधारातल्या पडद्यावर पडणार.

आरसा फिरवायला मोटर नव्हती. "मोटरला वीज लागते. विजेचा स्पेअर कुठं मिळतो इथं?" त्याऐवजी पाण्यानं भरलेलं एक पिंप होतं. त्यात एक डबा तरंगत असे. पिंपातलं पाणी थेंबाथेंबानं गळे, डबा हळूहळू उतरे, आणि डब्याला बांधलेली दोरी आरशाचा आस ओढे. पाणी उतरलं तरी थेंब मंदावू नये म्हणून गळती नळी डब्यालाच बांधलेली होती, त्याच्याबरोबर खाली जाणारी. ही नळी म्हणजे इस्पितळातली सलाईनची नळी होती, थेंब कमीजास्त करायच्या चाकासकट. त्यांची एक भाची नर्स होती. गावात बातमी पसरली की अंकलनी सूर्याला सलाईन लावलंय. कोणी म्हणालं, कशानं आजारी आहे म्हणतात?

अर्थात सगळं दोन नग. दोन्ही रिक्षातून पास झालेले.

इथंवर सगळं ठीक होतं. पण परिसरात एक सांस्कृतिक मंडळ होतं, त्याला एक अध्यक्ष होते आणि अध्यक्षांना एक सचिव. दोघांचं प्रत्येक बाबतीत एकमत असे. मंडळानं अधिक्रमणाचा भव्य सोहळा ठरवला. परदेशी दुर्बीण आणली. मैदानात तिच्यासाठी टाइल्स लावलेला सिमेंटचा चौथरा बांधला आणि दुर्बीण त्यावर बोल्टनं पक्की केली. चौथऱ्यावर संगमरवरी पाटी होती. तिच्यावर अध्यक्षांचं नाव ठळक होतं आणि शुक्राचं नव्हतं. सूत्रसंचालनाला मला बोलावलं. मी मराठीचा प्राध्यापक. मला कशालाही बोलावतात.

अंकल आपली योजना घेऊन त्यांच्याकडे गेले, तेव्हा सचिव फार गोड बोलले. "अरे वा, अंकल. आणा ना तुमचं पण. स्टँडबाय म्हणून राहील कडेला."

आंटींनी त्या दिवशी भांडी जरा जोरात लावली. "सांगा त्यांना, आमच्याच वाडीत दाखवतो म्हणून. गाव येईल इथं."

"येईल की," मी म्हणालो.

"मागितलंय त्यांनी," अंकल म्हणाले. "दुसऱ्या नगानं नाही म्हणायचं नसतं." पण त्यांनी 'ब' लिहिलेला चष्मा काढून पुसला, जो पुसायची गरज नव्हती.

आदल्या दिवशी मी त्यांच्याबरोबर मैदानावर गेलो आणि आम्ही मांडव पाहिला. जून असल्यानं पावसाच्या भीतीनं त्यावर पत्रे घातले होते. पाहुण्यांना ऊन लागू नये हाही हेतू होताच. चौथरा मांडवाच्या आत, अगदी मध्यभागी होता. दुर्बिणीला सूर्य दिसावा म्हणून पूर्वेची बाजू मोकळी सोडलेली.

अंकल वर पाहत राहिले. मग सचिवांना म्हणाले, "उद्या तो ठिपका दिसायला लागेल तोवर अकरा वाजत येतील. जूनमधला सूर्य आहे. पार डोक्यावर असेल. पत्र्याच्या वर."

"अंकल, काल रंगीत तालीम झाली ना. सकाळी आठला. साहेबांना नंतर एका लग्नाला जायचं होतं. सूर्य अगदी बरोबर समोर आला होता."

"तिथंच थांबणार आहे म्हणाला का तो?"

सचिव हसले. अध्यक्षही हसले. काचा घट्ट बसलेल्या होत्या.

यानंतर अंकलनी जे केलं ते मी विसरणार नाही. दुसरा कोणी असता तर गप्प राहिला असता. उद्याचा दिवस त्याचाच होता. हे संध्याकाळभर मांडववाल्याच्या मागं फिरले, की चौथऱ्यावरचे दोन पत्रे काढ. मांडववाला म्हणाला, मधले पत्रे काढले तर सगळा सांगाडा खाली बसेल. मग दुर्बीण बोल्ट सोडून बाहेर उन्हात न्या, असं अध्यक्षांना सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, मग पाटीचं काय? तिचं उद्या उद्घाटन आहे.

"झालं," परतताना अंकल म्हणाले. "पहिल्यासाठी करायचं ते केलं."

सकाळी ते मैदानाच्या कडेला, मांडवाबाहेर, आपलं यंत्र मांडून उन्हात उभे होते. दोन्ही छत्र्या उघडलेल्या. एक स्वतःवर, एक पिंपावर. आभाळात ढग होते, पण विरळ. आंटी कुठं दिसेनात. विचारलं तर म्हणाले, "घरी, दुसऱ्या नगाजवळ, फोनसमोर. दाराशी रिक्षा ठेवलीय. हे बिघडलं तर लगेच घेऊन येईल."

"म्हणजे त्यांना बघायला मिळणार नाही?"

"कोणीतरी बसायलाच लागतं," ते म्हणाले, पण माझ्याकडे न बघता.

मांडव भरला. शाळांची मुलं, बागायतदार, फ्लॅटमधली कुटुंबं, सुट्टी टाकून आलेले नोकरदार, फादर, मासळीच्या टोपल्या बाजूला ठेवून बसलेल्या बायका. मी स्वागत केलं. नारळ फुटला. पाटीचं अनावरण झालं. अध्यक्ष बोलायला उठले आणि विज्ञानाकडून आपल्या कार्याकडे वळले. तेवढ्यात दुर्बिणीजवळच्या माणसानं सचिवांना खूण केली. दुर्बीण सरळ वर रोखली होती आणि वर पत्रा होता. पूर्वेच्या मोकळ्या बाजूनं छान वारा येत होता, सूर्य तेवढा येत नव्हता.

पहिल्यांदा मुलांच्या लक्षात आलं. मग हसू मागच्या रांगेपासून पुढं आलं. मांडववाला दोन्ही हात जोडून म्हणाला, "साहेब, माणसं बसलीत खाली. पत्र्याला हात लावू देणार नाही मी." तो त्या दिवशीचा सर्वांत शहाणा वक्ता होता.

सचिव धावत बाहेर गेले. मी माइक हातात घेऊन त्यांच्यामागं, म्हणजे वायर पोचेल तिथवर.

"अंकल, तुमचं चालू आहे का?"

"चालू आहे. थेंब पडतोय ना."

"आत दाखवता येईल?"

"आतच दाखवायचंय. पत्र्यानं छान अंधार झालाय. पूर्वेची कनात खाली सोडा, फक्त माझ्या दुर्बिणीपुरती फट ठेवा. स्टेजचा पांढरा पडदा चालेल." मग ते थांबले. "एक विचारतो. हे स्टँडबाय म्हणून मागताय की पहिलं म्हणून?"

सचिव घामाघूम झाले होते. "अंकल, काहीही म्हणा हो."

"मी नाही म्हणायचं. तुम्ही म्हणा. माइकवर."

सचिवांनी माझ्याकडे पाहिलं, मी अध्यक्षांकडे, आणि अध्यक्षांनी पत्र्याकडे. मग त्यांनी होकारार्थी मान हलवली. सूत्रसंचालक म्हणून मी आयुष्यात पुष्कळ वाक्यं बोललो आहे, त्यातलं खरं असं हे एकच असेल. मी म्हणालो, "आता आपण शुक्राचं अधिक्रमण आजच्या पहिल्या यंत्रातून पाहणार आहोत." आणि ते यंत्र कोणाचं, ते सांगितलं.

कनाती सुटल्या. मांडवात अंधार झाला आणि पडद्यावर सूर्य आला. परातीएवढा, पिवळसर, कडा स्वच्छ, मध्ये दोनचार बारीक डाग. ढगाची एक पुसट रेघ त्यावरून सरकत गेली. मग अध्यक्षांनी बहुधा राहिलेलं भाषण पुरं करण्यासाठी माइक मागितला, आणि वीज गेली.

पंखे थांबले. माइक गेला. अध्यक्षांचे ओठ हलत राहिले. सूर्य जागचा हलला नाही. बाहेर पिंपातून थेंब पडत होता.

आणि मग कडेला एक खळगा पडला. बारीक, काळा, जणू भाकरीचा कोणी चिमटीभर तुकडा मोडून घेतला. हळूहळू तो गोल झाला, आत शिरला, आणि वाटाण्याएवढा काळा ठिपका सूर्यावर एकटा उभा राहिला. मांडवातून जो आवाज उठला तो टाळ्यांचा नव्हता. पुष्कळ माणसांनी एकदम श्वास सोडला तर होतो तसा होता. टाळ्या नंतर झाल्या आणि खूप वेळ झाल्या. फादर उभे राहिले होते. राजोडीहून मासळी घेऊन आलेली एक म्हातारी कनातीखालून बाहेर आली आणि पिंपात डोकावून अंकलना म्हणाली, "पानी संपलं तर सूर्य पन जाईल का रं बाबा?"

"जाईल, पडद्यावरनं," अंकल म्हणाले.

ती गेली आणि नळावरून कळशी भरून आणून पिंपाशेजारी बसली. दुपारभर तिथंच होती. तिला समजावून उपयोग नव्हता, आणि खरं म्हणजे अंकलना तो स्पेअर आवडला होता.

लोक येत राहिले. पाहिलेले घरी जाऊन इतरांना घेऊन येत. अध्यक्षही मांडवात शिरायच्या रांगेत तिसऱ्यांदा दिसले आणि या वेळी त्यांना कोणी पुढं घेतलं नाही. अंकल मात्र फटीतून पडद्याकडे कमी आणि नळीच्या चाकाकडे जास्त पाहत होते. दुपार कलली तसा त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी सचिवांकडे मोबाइल मागितला.

"काय बिघडलं?" मी घाबरून विचारलं.

"काही नाही," म्हणत त्यांनी घरचा नंबर फिरवला. पलीकडे एकदाच वाजला असेल. "निघ," एवढंच म्हणून त्यांनी फोन परत केला.

थोड्याच वेळात रिक्षा मैदानात शिरली, कुठलाही खड्डा न सोडता. आंटी पेटी कवेत धरून, पदर खोचलेल्या, उतरल्या त्या थेट यंत्राकडे. "काय मोडलं? आस गेला? आरसा?"

"काही मोडलं नाही."

"मग फोन का केलात?"

"आत जा आणि बघ. अजून आहे तो सूर्यावर. कडेला आलाय."

आंटी त्यांच्याकडे बघत राहिल्या. फोन वाजणं म्हणजे काय, हे त्या घरात आयुष्यभर ठरलेलं होतं. "जीव गेला माझा रस्त्यात," त्या म्हणाल्या. मग पेटी म्हातारीच्या शेजारी ठेवून आत गेल्या. त्या बाहेर आल्या तेव्हा ठिपका सूर्याच्या काठावरून ओघळून गेला होता आणि मांडवात पुन्हा एकदा टाळ्या चालू होत्या. "चांगलं दिसलं," एवढंच म्हणाल्या आणि पदरानं तोंड पुसलं.

मी अंकलना म्हणालो, "आठ वर्षांनी दुसरं आहेच."

"असू दे. ते स्पेअर," अंकल म्हणाले. असा उद्दामपणा मी त्यांच्या तोंडून तेवढा एकदाच ऐकला.

सामान भरलं. मागच्या सीटवर एका कडेला पहिला नग, दुसऱ्या कडेला पेटीतला दुसरा, मध्ये आंटी. अंकल पुढं रिक्षावाल्याशेजारी, अर्धे बाहेर, काखेत दोन छत्र्या. रिक्षावाल्यानं सवयीनं विचारलं, "जोरात घेऊ ना, अंकल?"

"नको. सावकाश घे. खड्डे चुकवत."

"का? आज टेस्ट नाही?"

अंकलनी मागं वळून सीटवरच्या तिन्हींकडे एकदा नीट पाहिलं.

"मागं सामान आहे ना," ते म्हणाले. "त्यातल्या एकाला स्पेअर नाही."